काकूच्या आवाजातले काका

माझ्या दुकानात कोणी लॅपटॉप घेऊन आलं अन् म्हणालं, "मॅडम, काही नाही, छोटंसंच काम आहे," की माझं डोकं सरकते. छोटंसं होतं तं घरीच करायचं होतं ना बाप्पा, इथं कायले आला? पण श्रीधरकाकांचा लॅपटॉप आला तेव्हा असं कोणी काही म्हटलं नाही. माझ्या मायनं तो पदरात गुंडाळून आणला, काउंटरवर ठेवला अन् म्हणाली, "धनश्री, साहेब मुके झाले वं."

श्रीधरकाका आमचे घरमालक. नंदनवन नावाच्या वस्तीत त्यांचं दोन मजली घर आहे. खाली रस्त्याकडून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर काका एकटे. माझी माय, भागीरथा तिचं नाव, दिवसभर वर त्यांच्याकडे असते. सैपाक करते, औषधं देते, त्यांले धरून बाथरूमपर्यंत नेते. काकांले काही वर्षांआधी लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, अन् बोलणं पूर्ण गेलं. समजते सगळं. तुम्ही काय म्हणून राहिले ते डोळ्यांतूनच ऐकतात. पण तोंडातून शब्द येत नाही, अन् लिहिलेलं वाचता येत नाही. सरकारी हिशेब खात्यात जन्म काढलेला माणूस, पेपर हातात धरला तं उलटा की सुलटा तेही त्यांले कळत नाही.

तरी काका बोलत होते. यमूकाकूमुळे.

यमूकाकू म्हणजे त्यांची बायको. शाळेत मास्तरीण होती. रिटायर व्हायच्या आधी शाळेत सगळ्यांले स्लाइडा बनवणं शिकवलं होतं, तिनं ते मनापासून शिकून घेतलं. काकांचं बोलणं गेलं तेव्हा तिनं जुन्या लॅपटॉपवर, 'ऑफिस' नावाच्या जुन्या प्रोग्रामात, काकांसाठी स्लाइडा केल्या. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले. काकांचा पितळी पेला, काकांची खाट, काकांची खिडकी, पंख्याचं बटण. फोटोवर दाबलं की काकूचा आवाज येणार. काकांनी डाव्या हातानं पेल्यावर दाबलं की लॅपटॉप म्हणे, "ह्यांना पाणी द्या हो कोणी."

दवाखान्यातल्या बाईनं काकूले समजावून सांगितलं होतं, की पेशंट स्वतः बोलून राहिला असं रेकॉर्ड करा. 'मला पाणी हवं', 'मला झोप आली', असं. काकूनं साफ नाही म्हटलं. "मी काय ह्यांची नक्कल करू? मी आपली माझ्यासारखीच बोलणार." अन् तशीच बोलली. सगळ्या बटणांत काकू काकांबद्दल सांगायची. "ह्यांना चहा चालेल, साखर कमी." "ह्यांचं डोकं दुखतंय, जरा हळू बोला." पाहुणे आले की काकू शेजारी बसून राहायची अन् तिचाच आवाज मशीनमधून यायचा. आम्ही हसायचो. काकांचेही खांदे हलायचे.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेली. सकाळी पोळ्या लाटता लाटता खाली बसली, ते उठलीच नाही. तिचा फोटो भिंतीवर गेला, हार लागला, अन् घरात तिचा आवाज तसाच. पहिले पहिले माझी माय घाबरायची. कणीक मळून राहिली असली अन् मागून काकू म्हणाली, "ह्यांची खिडकी लावून घ्या, ऊन येतंय," की तिच्या हातचं पीठ सांडायचं. मग सवय झाली. माय तं तिले उत्तरही द्यायले लागली. "हव काकूबाई, लावते."

काकांचा मुलगा विक्रमदादा पुण्याले असतो. त्याले मात्र ते जमलं नाही. वर्षश्राद्धाले आला तेव्हा काकांनी बटण दाबलं की तो उठून गच्चीवर जाऊन उभा राहायचा. फोनवरही, मागून काकूचा आवाज आला की म्हणायचा, "आवाज कटतोय, नंतर करतो." मी तेव्हा मनात त्याले शिव्या दिल्या. आता वाटते, ज्याचं त्याले माहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीले, सगळी गर्दी तिकडे मिरवणुकीत असताना, आमच्या गल्लीतली लाइन गेली, आली, परत गेली, अन् मग अशी जोरात आली की शेजारचा फ्रिज बसला अन् काकांचा लॅपटॉप जळाला. मायनं आणला तेव्हा त्याले वास येऊन राहिला होता. बोर्ड काळा पडला होता. सीताबर्डीच्या बाजारातल्या माझ्या ओळखीच्या सगळ्यांले विचारलं, इतक्या जुन्या मॉडेलचा बोर्ड कोणाकडेच नाही. हार्डडिस्क तेवढी वाचली, म्हणजे काकूची फाइल वाचली. मी मायले म्हटलं, "फाइल आहे ना, मग झालं. दोन दिवसांत चालू करून देते." असं म्हणायले नको होतं.

विक्रमदादानं पुण्याहून टॅब पाठवला. नवा कोरा, त्यात बोलायचं ॲप. चित्रावर बोट ठेवलं की एक जवान माणूस रेल्वे स्टेशनवर सांगतात तसा सांगे, "मला पाणी हवे आहे." काकांनी एकदा दाबलं, ऐकलं, अन् टॅब उलटा करून ठेवून दिला. परत हात लावला नाही. पाणी पाहिजेन तेव्हा काही दाखवत नव्हते, काही मागत नव्हते. माय अंदाजानं द्यायची. दिलं तं प्यायचे, नाही दिलं तं नाही. जेवण अर्ध्यावर आलं. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचे.

मायनं हे फोनवर विक्रमदादाले सांगितलं, अन् दादानं ठरवूनच टाकलं. पितृपक्षात अविधवा नवमीले आईच्या श्राद्धासाठी येतो, त्याच संध्याकाळी बाबांना घेऊन जातो. पुण्यात एक सेंटर पाहिलं आहे, तिथं असे पेशंट ठेवतात. घराचं मग पाहू.

मी फोन मायच्या हातातून घेतला. "दादा, काका इथं चाळीस वर्षं राहिले. त्यांले विचारलं का?"

"कसं विचारू, धनश्री?" तो म्हणाला. "पाणीसुद्धा मागू न शकणारा माणूस एकटा कसा राहील? रात्री काही झालं तर? तूच सांग."

खरं तेच म्हणून राहिला होता तो. मी एवढंच म्हटलं, "बोलते झाले तं? पहिल्यासारखे?"

"झाले तर बघू," तो म्हणाला.

अन् हेही सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायले नको. ते घर विकलं तं माझं दुकानही जाते. माझे बाबा कोष्टी, माग बंद पडला तेव्हापासून वाडीले एका गोडाऊनवर चौकीदारी करतात. हे दुकान मी माझ्या हिमतीवर उभं केलं आहे. तं स्वार्थ होताच. पण वर जाऊन काकांची पाठ पाहिली की दुकान आठवत नव्हतं.

माझ्याकडे द्यायले मशीन होतं ते जुनंच, एका ऑफिसातून निघालेलं. त्याच्यात नवीन विंडोज टाकली तं बिचारं धापा टाकते, म्हणून अशा मशिनींत मी लिनक्स टाकते. फुकट असते, हलकी असते, जुन्या मशीनले पेलते. लिनक्समध्ये तिचं स्वतःचं ऑफिस येते. त्यात काकूची फाइल उघडली. फोटो आले, पण इकडचे तिकडे सरकलेले. पेला खाली, खाट एकावर एक. अन् दाबलं तं आवाज नाही, नुसती पुढची स्लाइड येते. मी म्हटलं ठीक आहे. फाइलमधून आवाज वेगळे काढले, नव्या स्लाइडा केल्या, मोठमोठे चौकोन, छान रंग. मले वाटलं, काकूपेक्षा चांगलं केलं.

काकांसमोर ठेवलं. काकांनी हात उचलला अन् जिथं काहीच नव्हतं तिथं दाबलं. परत दाबलं. वर डाव्या कोपऱ्यात, जिथं काकूच्या स्लाइडवर पेला असायचा. पेला माझ्या स्लाइडवर मधोमध होता, डोळ्यांसमोर होता, पण त्यांचा हात तिकडे जाईना. मग त्यांनी हात मांडीवर ठेवून घेतला अन् माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली पाहिलं. काकांनी ते बोलणं डोक्यानं नाही, हातानं शिकलेलं होतं. कितीतरी महिने काकूनं त्यांचा हात धरून गिरवून घेतलं होतं. ते दुसऱ्यांदा शिकवायले आता काकू नव्हती.

म्हणजे तीच स्लाइड, त्याच जागी, तशीच पाहिजेन. अन् त्यासाठी तोच प्रोग्राम पाहिजेन, जुन्या विंडोजसाठी बनलेला, अन् ती विंडोज या मशीनवर बसत नव्हती. काकूच्या कपाटात त्याची सीडी निघाली, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली.

आता विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर कसा चालन? सरळ नाही चालत. मधात एक मध्यस्थ लागते, वाइन म्हणतात त्याले. नावावर जाऊ नका, प्यायचं नाही. प्रोग्राम जे जे विंडोजले मागते, ते ते हा लिनक्सकडून आणून त्याच्या हातात देतो. प्रोग्रामले वाटते आपण घरीच आहो. ऐकायले सोपं आहे. करायले बसलं की जीव खाते. सीडी अर्ध्यात अडकायची. अडकली नाही तं अक्षरांच्या जागी डबे दिसायचे. मी दुकानातली गिऱ्हाइकं परत पाठवून राहिली होती, मायवर खेकसून राहिली होती. गल्लीत गणपती बसले, उठले, मी आरतीले गेली नाही.

शेवटी प्रोग्राम उघडला. स्लाइड आली. पेला डाव्या कोपऱ्यात, खाट उजवीकडे, मागचा पिवळा रंग तोच. मी मशीन वर नेलं. काकांनी पेल्यावर दाबलं. आवाज आला नाही. त्यांनी परत दाबलं, तेवढ्यात आवाज सुरू झाला अन् तुटला, परत पहिल्यापासून सुरू झाला. "ह्यां... ह्यां... ह्यां..." आवाज थोडा उशिरा निघून राहिला होता, अन् काकांले वाटे बटण लागलंच नाही, ते परत दाबत. त्या तुटक्या आवाजानं त्यांचं तोंड वाकडं झालं. काकू जशी शेवटच्या दिवशी खाली बसून काही सांगायचा प्रयत्न करून राहिली होती, तसाच तो आवाज होता. ते मायनं मले नंतर सांगितलं. मी मशीन उचलून खाली पळाली.

उशीर कुठून येते ते सापडायले मले बराच वेळ लागला. आवाजाचा साठा करायची जागा वाइननं मोठी धरली होती, ती भरेपर्यंत आवाज निघत नव्हता. ती लहान केली. एवढंच होतं. सापडल्यावर सगळं एवढंच असते.

परत वर नेलं तेव्हा दुपार होती. काकांनी यावेळी पेल्यावर दाबलं नाही. खाली उजव्या कोपऱ्यात काकूचा स्वतःचा फोटो होता, काकूले बोलवायचं बटण. त्यावर दाबलं. आता काकूनं त्यात काय रेकॉर्ड करावं? स्वतःलेच हाक कशी मारणार? तं तिनं उत्तरच भरून ठेवलं होतं. सैपाकघरात असली की आपलाच आवाज ऐकून ती यायची.

"आले, आले. थांबा जरा."

साफ, तुटक नाही, पहिल्यासारखं. काकांनी हात मांडीवर ठेवला अन् थांबले. खरंच थांबले, दाराकडे पाहत. सैपाकघरातून माय ओल्या हातांनी बाहेर आली अन् दारातच उभी राहिली, तिले पुढे येववेना. मी इतके दिवस ज्याच्यामागे लागली होती ते झालं होतं, मले आनंद झाला होता, अन् मी रडून राहिली होती. मग काकांनी मान हलवली, जसं काही आठवलं, अन् पेल्यावर दाबलं. मायनं पाणी आणून दिलं. त्यांनी पूर्ण पेला प्यायला.

मी विक्रमदादाले फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं. पण धनश्री, एकदोन बटणं चालून उपयोग नाही. सगळं चालायला हवं. मी आल्यावर स्वतः बघीन. साधं नाव-गाव तरी सांगता यायला हवं त्यांना."

नवमी दोन-चार दिवसांवर आली होती. मी एकेक बटण तपासायले बसली. सगळी बोलली, एक सोडून. दुसऱ्या स्लाइडवर काकांचा स्वतःचा फोटो होता, कोट घातलेला. त्यावर दाबलं की बटण आत जायचं, थोड्या वेळानं बाहेर यायचं, अन् आवाज नाही. अन् तेच नेमकं नावाचं बटण, फाइलीत काकूनं तसं लिहून ठेवलं होतं. फाइल पाहिली तं आवाज भरलेला दिसून राहिला होता, म्हणजे वाजत नाही तो दोष माझ्या जुळणीचा. मी वाइन बदलला. आवाजाचा रस्ता बदलला. पूर्ण काढून परत टाकलं. त्या नादात जे चालू होतं तेही गेलं, पहिल्या बटणांचा उशीर परत आला, अन् नावाचं बटण मुकंच. त्या दिवशी मी कीबोर्ड आपटला. त्याची एक कळ अजून सापडली नाही.

माय चहा घेऊन आली. "काहून इतकी डोकं फोडून राहिली वं?"

"नावाचं बटण बोलत नाही."

"कोणत्या नावाचं?"

"काकांचं. हे पाह्य, त्यांच्या फोटोवर दाबलं की नाव यायले पाहिजेन. काकूनं भरून ठेवलं आहे, पण येत नाही."

माय माझ्याकडे पाहत राहिली. "साहेबाचं नाव? काकूबाईच्या तोंडून?"

"हो मग."

"तू कधी माह्या तोंडून तुह्या बाबाचं नाव ऐकलं का वं?"

ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव सांगायची पाळी आली की माय मले पुढे करायची, मी सांगायची, 'बाबूलाल'. दवाखान्यात नर्सनं विचारलं तं माय तोंडावर पदर घेऊन माझ्याकडे पाहायची. "मशीनमध्ये घ्यायले काय होते पण?" मी म्हटलं. "तिथं कोण ऐकून राहिलं होतं?"

"मशीनमध्ये घेतलं म्हणून थे नाव दुसऱ्याचं होते का?"

मी आवाज पूर्ण वाढवला अन् बटण दाबलं. पंख्याची घरघर. बांगड्या वाजल्या. काकूनं घसा साफ केला. मग एक मोठा श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतो तसा. अन् तो तसाच सोडून दिला. मग बटण बंद केल्याचा आवाज. बस. काहीच बिघडलेलं नव्हतं. शिकलेली बाई, शेकडो पोरांची हजेरी घेतलेली, खोलीत एकटी बसून नवऱ्याचं नाव घ्यायले गेली अन् तिले ते जमलं नाही, अन् तिनं तेच ठेवून दिलं. मले तिचा इतका राग आला, अन् इतकी माया आली, की मले दोन्ही एकदम सांभाळता येईना. अन् जे धड होतं ते मी माझ्या हातानं मोडून बसली होती. नवमीच्या आदल्या दिवशीपर्यंत ते परत बसवत बसली.

मग वाटलं, नाव मीच भरून टाकते, मले काय अडचण आहे? मशीन घेऊन काकांजवळ गेली, विचारलं, "काका, तुमचं नाव मी भरू का? दादा विचारणार आहे." काकांनी आवाज वाढवायची खूण केली. स्वतःच्या फोटोवर दाबलं अन् मान खाली घालून ऐकलं. पंखा, बांगड्या, घसा, श्वास. मग माझ्याकडे पाहून डावा हात हलवला. नाही म्हणत होते. मी ठेवून दिलं तसंच.

नवमीले विक्रमदादा पहाटे आला. गुरुजी आले, श्राद्ध झालं, पानं उठली. दादानं सगळं नीट केलं, कोणावर चिडला नाही, पण काकूच्या फोटोकडे त्यानं पाहिलं नाही. बाबांची बॅग भरून दाराशी ठेवली. मग खुर्ची ओढून काकांसमोर बसला. मी अन् माय सैपाकघराच्या दारात उभ्या होतो.

"बाबा, मला दाखवा बरं," तो म्हणाला. "तुमचं नाव सांगा."

काकांनी दुसरी स्लाइड आणली अन् आपल्या फोटोवर दाबलं. काही आलं नाही. दादानं वाट पाहिली. काकांनी हात काढून घेतला, त्यांचं सांगून झालं होतं.

"धनश्री," दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मला याचीच भीती होती."

"दादा, ते बिघडलेलं नाही."

"नाव सांगत नाही आणि बिघडलेलं नाही?"

"काकूनं नावच नाही घेतलं. घेऊ शकली नाही ती." माझा आवाज चढला होता. "तुमच्या आईनं तुमच्यासमोर कधी घेतलं का? आठवून पहा."

त्याले बरंच काही आठवलं असन. पण मग त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुझे कष्ट मला दिसतात. पण मी काय करू? रोज तिकडे मला झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं." तो काकांकडे वाकला अन् मोठ्यानं बोलायले लागला, जसं त्यांले ऐकू येत नाही. "बाबा, माझ्याबरोबर चला. तिथे डॉक्टर आहेत, माणसं आहेत. मी रोज येईन भेटायला. चलायचं ना?"

काकांनी पहिली स्लाइड परत आणली. त्यांचा हात इकडे तिकडे गेला नाही. एका फोटोत काकांचंच ताट होतं अन् त्यावर काकांनीच आडवा धरलेला हात, वाढणाऱ्याले थांबवायचा. जेवताना पुरे झालं की दाबायचं ते बटण. त्यावर दाबलं.

"ह्यांना नको आहे."

दादा मागे सरला. इतक्या जवळून त्यानं तो आवाज वर्षभर ऐकला नव्हता.

"बाबा, हट्ट करू नका. तुमच्या भल्यासाठीच..."

"ह्यांना नको आहे."

तोच आवाज, तेवढाच, ना कमी ना जास्त. रागानं नाही. काकू पंगतीत आग्रह करणाऱ्याले सांगायची तसं, समोरच्याचा मान ठेवून, पण त्यानंतर कोणी वाढायचं नाही. मायनं माझा हात धरला.

"अगं पण आई, ऐकून तरी घे..."

दादा बोलून गेला अन् तिथंच थांबला. तो काकांकडे पाहून बोलला नव्हता, मशीनकडे पाहून बोलला होता. काकांचा हात बटणावर तसाच होता, पण त्यांनी परत दाबलं नाही. ते मुलाच्या तोंडाकडे पाहून राहिले होते, अन् त्यांचे डोळे भरले होते. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं. दादानं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले, लहान पोट्टं रागावल्यावर बसते तसा बसला, अन् बऱ्याच वेळानं, हळू, त्या स्लाइडलेच म्हणाला,

"बरं. नाही नेत."